चिनी साहेब, त्याचं ऑफिस आणि आमच्या करपलेल्या पोळ्या

शेवंती_ठाणे

गेले पंधरा दिवस आमच्याकडे पोळ्या करपताहेत आणि त्याला एक चिनी साहेब जबाबदार आहे.

भाचीने यूट्यूबची लिंक पाठवली. 'लव्ह इज स्वीट', २०२० ची मालिका, एकूण ३६ भाग, एकेक भाग पाऊण तासाच्या आसपास. म्हटलं दोन भाग बघू आणि सोडून देऊ. आता एकविसाव्यावर आहे. ओट्यावर कणकेच्या डब्याला फोन टेकवते, एक डोळा तव्यावर, एक सबटायटल्सवर. हिंदी मालिका कानाने बघता येते, पाठ करून भाजी चिरली तरी काही निसटत नाही. इथे मान वळवली की संवाद गेला. मागे न्यावा तर बोटं पिठाची.

गोष्ट थोडक्यात सांगते. ज्यांग ज्युन नावाची मुलगी एका बड्या इन्व्हेस्टमेंट बँकेत नोकरीला लागते. तिला स्वतःच्याच अश्रूंची ॲलर्जी आहे. (हो, खरंच. पुढे चला.) तिथे वरच्या हुद्द्यावर आहे युआन श्वाय. दोघं लहानपणापासून एकत्र वाढलेले, त्याने तिला तेव्हा भरपूर छळलेलं. आता तिने ही नोकरी सोडावी म्हणून तो आडवा येतो, आणि मग ३६ भागांत जे व्हायचं ते होतं. कलाकार बाय लू आणि लुओ युनशी अशी जोडी आहे. शेवट फोडू नका, माझे पंधरा भाग राहिलेत.

मला विचारायचंय ते वेगळंच. नायक देखणा आहे, कबूल. पण मी अडकलेय ती त्या ऑफिसात. पँट्रीतली कुजबुज, साहेब आला की सरळ होणाऱ्या पाठी, रात्री उशिरा एकाच टेबलावर उरलेला दिवा. ना ते शहर माझं, ना भाषा. तरी इतकं ओळखीचं का वाटावं? कोणी बघतं का हे प्रकार, की मी एकटीच बिघडलेय?

तिरकस

एकट्या नाही. आमच्याकडे बायको बघते आणि मी 'बघत नाही'. म्हणजे मोबाइलवर क्रिकेट लावून शेजारी बसतो आणि मध्येच विचारतो, "मग सांगितलं का त्याने तिला खरं?"

या मालिकांत माणसं फार घसरतात हो. सपाट, कोरड्या, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर घसरतात. साहेब बरोबर दोन हातांवर असतो, झेलतो, मग तीच घसरण तीन बाजूंनी दाखवतात, मागे गाणं. आमच्या ऑफिसात पावसाळ्यात माणसं खरोखर घसरतात. झेलायला कोणी येत नाही, सगळे आधी त्याचा मोबाइल फुटला का ते बघतात.

मंजुळा

बघितलीय पूर्ण. फोडत नाही.

मला एक शंका कधीची आहे. ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं मलाच वाटतं का? आधी वाटलं माझं इंटरनेट हळू आहे.

पिनयिनप्रेमी

मंजुळाताई, इंटरनेट बरोबर आहे. चिनी मालिकांमध्ये आवाज पुष्कळदा दुसऱ्याचा असतो, चिनी मालिकेचं चिनीतच डबिंग. चित्रीकरणाच्या ठिकाणचा गोंगाट हे एक कारण. दुसरं म्हणजे नट देशाच्या चार कोपऱ्यांतून आलेले, प्रत्येकाचा हेल वेगळा, आणि टीव्हीवर प्रमाण भाषाच हवी. त्यामुळे डबिंग कलाकार तिथे मोठे तारे आहेत. एकच लोकप्रिय आवाज पाच वेगवेगळ्या नायकांच्या तोंडून ऐकू येतो आणि आपण म्हणतो, अरे हा कुठेतरी भेटलाय.

आणि पडद्याच्या तळाशी चिनी अक्षरं असतात ना, ती तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. चिनी लोकही सबटायटल्स वाचतच बघतात. बोली वेगळ्या असल्या तरी लिपी एकच.

जाता जाता, शेवंतीताई, या जोडीच्या नावांतली गंमत सबटायटल्समध्ये पार वाहून गेलीय. 'ज्यांगज्युन' असं सलग म्हटलं की चिनीत त्याचा अर्थ होतो सेनापती. आणि 'युआनश्वाय' म्हणजे त्याच्याही वरचा, सरसेनापती. नावं लिहिण्याची अक्षरं वेगळी आहेत, उच्चार मात्र तोच. म्हणजे तिने काहीही केलं तरी हा नावानेच एक पायरी वर! मूळ शीर्षकाचा अर्थही 'लव्ह इज स्वीट' असा गुळमट नाही. 'अर्धा मध, अर्धी जखम' असं काहीसं होईल.

शेवंती_ठाणे

सेनापती!! हसून हसून पुरेवाट. आता गंभीर प्रसंगातही मला फेटाच दिसणार.

सासूबाईंना सांगितलं. त्या जेवणाच्या टेबलाशी बसून बघतात, इंग्रजी वाचत नाहीत, मी मधूनमधून सांगते. मी गप्प असले की त्या स्वतःची गोष्ट लावतात, आणि ती बहुतेक वेळा मूळ गोष्टीपेक्षा बरी असते. त्यांच्या मते नायकाचा खरा आजार उपासमार आहे. "हा माणूस समोर आलेलं जेवण टाकून उठतोच कसा?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

पिनयिनप्रेमी

अजून एक सांगतो, हे मराठी माणसासाठी खास आहे. साहेबाला आडनावापुढे 'चोंग' लावून हाक मारतात. युआन आडनावाचा तो युआन चोंग, वांग आडनावाचा वांग चोंग. हा च 'चमचा'तला, 'चोर'मधला. हिंदीवाल्यांना हा च महिनोन्‌महिने जमत नाही. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी जमलेले दोघंच, मी आणि साताऱ्याची एक मुलगी. सरांना वाटलं आम्ही घरून शिकून आलो.

बाकी पद्धतही आपलीच. आडनाव आधी, हुद्दा नंतर. पाटील साहेब, जोशी मॅडम, तसंच. समवयस्क थोडी मोठी असेल तर नावापुढे 'ज्ये', म्हणजे ताई. पुरुष असेल तर 'ग', म्हणजे दादा. धाकट्याला आडनावाआधी 'श्याव', जुन्या खोडाला 'लाव'. इंग्रजी सबटायटल्सवाले या सगळ्यांचं एकतर 'मिस्टर' करतात नाहीतर सरळ नाव लिहितात. एका भागात ती त्याला हुद्द्याने हाक मारते आणि दुसऱ्या भागात नावाने, हे केवढं मोठं पाऊल आहे ते खाली वाचून कळतच नाही. अहोचं अगं-अरे झाल्यासारखं आहे ते.

निवृत्त_नाना

माफ करा, पण २०२० साली सीमेवर काय झालं ते विसरलात का सगळे? त्याच वर्षीची मालिका आणि तुम्ही पोळ्या करपवून बघताय. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने ५९ ॲप्स बंद केली ती कशासाठी?

मी_मुक्ता

नाना, मुद्दा समजतो, पण हा धागा तिकडे नका नेऊ, प्लीज. तुम्ही हा प्रतिसाद ज्या फोनवरून टाइप केलात तो कुठे जोडलाय आणि त्यातले सुटे भाग कुठून आलेत हे विचारावं लागेल मग. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच.)

निवृत्त_नाना

घेतले. फोन मुलाने दिलाय, मला काही माहीत नाही.

ताळेबंद

मी सीए. बायकोने जबरदस्तीने दहा भाग दाखवले. इन्व्हेस्टमेंट बँकेची मालिका म्हणून मोठ्या आशेने बसलो होतो.

ड्यू डिलिजन्स, म्हणजे कंपनी विकत घेण्याआधीची तपासणी, कशी असते ते सांगतो, कारण या मालिकांमध्ये तो शब्द येतो आणि लगेच नायक-नायिका डोंगरावर फिरायला जातात. खरी ड्यू डिलिजन्स म्हणजे कोणत्यातरी एमआयडीसीत मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात उभं राहून मालाची पोती मोजणं. मालक म्हणतो चार हजार, मोजून भरतात एकतीसशे, आणि मग "उरलेली दुसऱ्या गोदामात" असं ऐकू येतं. दुसऱ्या गोदामाची किल्ली ज्याच्याकडे तो गावाला गेलेला. बँकांची पत्रं, कोर्टातले दावे, थकलेला पीएफ, मेहुण्याच्या नावावर काढलेली कंपनी. यात प्रणय शिरायला जागाच नसते. आम्ही तिघं एकाच लॉजच्या खोलीत, त्यातला एक घोरणारा.

पण एक मान्य करतो. कंपनी विकत घ्यायची की नाही यावर सगळे टेबलाभोवती बसलेत, कनिष्ठाला माहितेय की आकड्यात घोळ आहे, आणि तोंड उघडावं की नाही हे त्याला कळत नाही. तो क्षण खरा आहे. मी तिथे बसलेलो आहे.

तिरकस

उघडलंत का तोंड?

ताळेबंद

नाही. पुढच्या वर्षी उघडलं. दुसऱ्या कंपनीत.

सुझोउकर

धागा सापडला हे बरं झालं. मी शांघायशेजारी सुझोउत सहा वर्षं होतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. आता परत चाकणला. शेवंतीताईंनी विचारलंय की ओळखीचं का वाटतं, तर काही गोष्टी खऱ्याच तशा असतात म्हणून.

पँट्रीला तिथे 'छाश्वेइज्येन' म्हणतात, शब्दशः चहापाण्याची खोली. गरम पाण्याचा नळ, त्याखाली रांगेने थर्मास. चहा असेलच असं नाही, निव्वळ गरम पाणी. चाळिशी गाठलेले लोक त्यात लाल गोजी बेरी टाकतात आणि तरुण पोरं त्यांची टिंगल करतात. डोकं दुखतंय, गरम पाणी पी. पोट दुखतंय, गरम पाणी पी. "गरम पाणी पीत जा" एवढंच सांगणारा बॉयफ्रेंड हा तिकडचा जुना विनोद आहे. मालिकेत नायक काही न बोलता ग्लास पुढे सरकवतो ना, त्यात तो सगळा इतिहास असतो.

दुपारी जेवण झालं की दिवे बंद. चक्क झोप. खुर्चीखालून घडीचा पलंग निघतो, मानेला उशी, डोळ्यांवर पट्टी, आणि आख्खा मजला गार. पहिल्या आठवड्यात मी फोनवर मराठीत मोठमोठ्याने बोलत होतो, नऊ जणांनी एकदम डोकं वर काढलं.

साहेबाला बोलताना 'चोंग' म्हणायचं, पाठीमागे 'लिंगदाव', म्हणजे पुढारी. पार्टीत ग्लासला ग्लास लावताना आपल्या ग्लासची कड साहेबाच्या ग्लासच्या कडेपेक्षा खाली धरायची. हा नियम मालिकांतही दिसतो, नीट बघा. दोन्ही बाजू नम्र असल्या की दोघंही ग्लास खाली-खाली नेतात. मी एकदा दोन मॅनेजरांना टेबलाच्या पातळीपर्यंत वाकलेलं पाहिलंय.

जे खोटं आहे तेही सांगतो. एक, मी सहा वर्षांत तसा साहेब पाहिला नाही. आमचे चोंग ५४ वर्षांचे होते, फॅक्टरीच्या गेटबाहेर सिगरेट ओढायचे आणि त्यांना मुलीच्या परीक्षेची काळजी होती. दोन, वेळ. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस, म्हणून त्याला '९९६' म्हणतात. ७२ तास. २०१९ मध्ये तिथल्या प्रोग्रामर मंडळींनी गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर असल्या कंपन्यांची यादीच टाकली होती, बरीच गाजली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. दिवे त्यानंतर किती लवकर बंद व्हायला लागले ते विचारू नका. मालिकेत रात्री उशिरापर्यंत थांबणं म्हणजे दोघांना एकांत. खऱ्यात थांबणं म्हणजे पिवळ्या नाहीतर निळ्या जॅकेटमधला डिलिव्हरीवाला, प्लास्टिकच्या वाटीतल्या नूडल्स आणि शेवटची मेट्रो चुकणं.

मी_मुक्ता

सुझोउकर, मस्त. वाचनखूण साठवली आहे.

मी हिंजवडीत आहे, पीजीमध्ये राहते, मूळची कोल्हापूरची. माझी तक्रार घरांबद्दल आहे. नायिका कर्जात, पगार बेताचा, आणि भाड्याचं घर असं की त्यात आमचं आख्खं पीजी मावेल. खिडकीत झाडं, पांढरा सोफा. आम्ही चौघी एका कपाटावर भांडतो.

पण आईचा फोन येतो तो प्रसंग आला की मी पॉज करते. "शेजारच्यांच्या मुलीचं ठरलं. तुझं काय?" भाषा कळत नाही तरी सूर कळतो. तिकडे ठरवून भेटवतात त्याला 'श्यांगचिन' म्हणतात ना? शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईबाप छत्र्या उघड्या ठेवून त्यांवर मुलामुलींची माहिती लावून बसतात. वय, उंची, शिक्षण, पगार, घर आहे का. वधूवर मेळावाच, फक्त उघड्यावर आणि फुकट. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरंय की. छत्री आहे आपल्याकडे."

एचआरवाली

मी या धाग्यावर विरजण घालणार आहे, आधीच सांगते.

बावीस वर्षं मनुष्यबळ विभागात काढलीत. या मालिकांमधला नायक मनगट धरून तिला मीटिंगमधून बाहेर ओढतो, तिला न विचारता तिची बदली आपल्या टीममध्ये करून घेतो, तिच्या घराखाली गाडी लावून बसतो. मागे मधुर गाणं वाजत असतं म्हणून ते गोड वाटतं. गाणं काढा आणि नायकाच्या जागी आपल्या ऑफिसातला एखादा पन्नाशीचा मॅनेजर ठेवा. ती तक्रार माझ्या टेबलावर येते. आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. चीनमध्येही नवी नागरी संहिता १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली, तिच्या कलम १०१० मध्ये लैंगिक छळाविरुद्ध उपाय करणं ही कंपनीची जबाबदारी ठरवली आहे. म्हणजे ही मालिका आली त्याच्या पुढच्याच वर्षापासून.

ऑफिसात प्रेम होऊ नये असं मी म्हणत नाही. आमच्याकडे सात लग्नं झालीत, त्यातल्या दोन लग्नांत मी स्वतः जेवलेय. पण ज्याच्या हातात तुमचं अप्रेझल आहे त्याने गुडघे टेकून विचारलं तर 'नाही' म्हणायची सोय उरते का, एवढंच विचारते.

पिनयिनप्रेमी

एचआरवाली, मुद्दा बिनतोड. या नायकांना तिकडे शब्दच आहे, 'बादाव चोंगत्साय', म्हणजे दांडगाई करणारा कंपनीप्रमुख. आधी कौतुकाने म्हणत, आता बराचसा टिंगलीने. मोबाइलवर उभ्या पडद्यात बघायच्या दोन-दोन मिनिटांच्या भागांच्या मालिकांमध्ये तर या साहेबांचा सुळसुळाट इतका झाला की २०२४ च्या अखेरीस सरकारी नियामकाने त्यांना आवर घालायचं फर्मान काढलं.

त्या मानाने 'लव्ह इज स्वीट'चा नायक सौम्य. आणि ती त्याला पुरून उरते.

मंजुळा

पुरून उरते, पण एकविसाव्या भागापर्यंत काय झालं तेवढंच बोला!! पुढचं नको, धागाकर्तीने बजावलंय.

शेवंती_ठाणे

एचआरवाली, विरजण वगैरे काही नाही. तुमचं वाचून दोन दिवस विचार करत होते. मनगट धरलेलं मलाही खटकतं, मी तो भाग पुढे ढकलते. मग मी बघते काय?

एक सांगते, हसू नका. मी एका कंपनीत अकाउंट्सला चौदा वर्षं आहे. दर मार्चअखेरीला रात्री साडेनऊ-दहा होतात. तीन वर्षांपूर्वी ३१ मार्चला सगळं जुळवून, मेल टाकून खाली निघाले. लिफ्टमध्ये आमचे मोठे साहेब. मी म्हटलं, "गुड नाइट सर, क्लोजिंग झालं." ते छान हसले आणि म्हणाले, "अरे वा. तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला?" त्या क्लोजिंगचं पहिलं पान मीच दर वर्षी त्यांच्या सहीला नेते. चौदा वर्षं. लिफ्ट चौथ्या मजल्यावरून तळाला येईपर्यंत मी नंबर बघत उभी राहिले.

तर या मालिकेत काय होतं, ती रात्री काम करत बसलेली असते आणि काचेपलीकडून कोणीतरी ते बघतं. त्याला माहीत असतं की हे पान हिने केलंय. ती जेवली नाही हेही माहीत असतं. प्रेम वगैरे त्याच्या पुढचं. मला तेवढं काचेपलीकडचं बघणं पुरतं. त्यासाठी मी पोळ्या करपवते बहुतेक.

तिरकस

ताई, आज विनोद नाही. फक्त एक विचारतो, या वर्षी त्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात 'तयार करणार' म्हणून नाव टाकता का? आमच्याकडे मी टाकायला लागलो. तीन वर्षांनी कोणीतरी वाचलं.

ताळेबंद

+१. 'प्रिपेअर्ड बाय', नाव आणि तारीख. नियमात बसतं. ऑडिटर म्हणून सांगतो, आम्ही तो कोपरा आधी बघतो.

सुझोउकर

शेवंतीताई, तुमच्या लिफ्टवरून एक आठवलं.

तिकडे नव्या माणसाला कामाला एक 'शीफू' लावून देतात, म्हणजे गुरू. माझी शीफू पन्नाशीची बाई, क्वालिटी विभागातली, इंग्रजीचा एक शब्द नाही. माझं आडनाव त्यांच्या तोंडात बसेना म्हणून पहिलं अक्षर घेऊन मला 'श्याव पा' करून टाकलं. ती काही प्रेमळ नव्हती. मोजमापाचं गेज चुकीचं धरलं की मनगटावर पट्टीने टकटक करायची (एचआरवाली, माफ करा). दुसऱ्या हिवाळ्यात मला ताप होता, कोणाला बोललो नव्हतो. दुपारी दिवे बंद झाले तेव्हा माझ्या टेबलावर तिचा स्वतःचा थर्मास, खाली दुमडलेला कागद, त्यावर आकृती काढलेली: घड्याळात चार आणि बाहेर जाणाऱ्या माणसाचं चित्र. म्हणजे चारला घरी जा, मी सांगते वर. परत येताना मी तो थर्मास मागून घेतला. चाकणला वापरतो, झाकण सैल झालंय.

मालिकावाल्यांनी तिच्यावर एक काढायला हवी होती. पण तिच्यावर गाणं कसं टाकणार.

एचआरवाली

पट्टीची तक्रार मुदतबाह्य म्हणून निकाली काढली आहे.

मी_मुक्ता

मला रडवलंत तुम्ही. बरं आहे, मला अश्रूंची ॲलर्जी नाही.

विषय बदलते. हे झाल्यावर काय बघावं? साहेबाशिवायचं काही सांगा.

पिनयिनप्रेमी

साहेबाशिवायचं आहे ना. 'यू आर माय ग्लोरी', २०२१, ३२ भाग. यांग यांग आणि दिलरबा. इथे उलट आहे, प्रसिद्ध आणि पैसेवाली ती, नटी आहे. तो अवकाश क्षेत्रातला अभियंता, कामावर जीव, पण पगार असा की आईवडिलांच्या आजारपणाचा विचार येतो तेव्हा तो इन्व्हेस्टमेंट बँकेत जावं का म्हणून घुटमळतो. शाळेत तिने त्याला विचारलेलं आणि त्याने नाही म्हटलेलं. नोकरी आणि आवडीचं काम यातली ओढाताण नीट दाखवलीय. मोबाइल गेमचे प्रसंग मात्र भारंभार, ते पुढे ढकला.

'नथिंग बट थर्टी' हीही २०२० ची. शांघाय, तिशीला टेकलेल्या तीन बायका. त्यातली मान्नी उंची वस्तूंच्या दुकानात विक्रेती आहे. दिवसभर उंच टाचांवर उभं राहणं, ग्राहकाच्या चपलेवरून त्याची ऐपत जोखणारे सहकारी, महिन्याचं टार्गेट. ऑफिसवाल्या मालिकांत इतकं खरं काम मी क्वचित पाहिलंय. ती ४३ भागांची आहे. चाळीसच्या वर नको असं नियामकाने त्याच वर्षी सांगितलं, म्हणून त्यानंतर बऱ्याच मालिका ३६ किंवा ४० वर येऊन थांबायला लागल्या.

मंजुळा

आणि 'मीट युअरसेल्फ' विसरलात. २०२३. ल्यू यीफेईची नायिका बीजिंगच्या हॉटेलातली नोकरी सोडते, मैत्रीण गेल्यानंतर, आणि युन्नानमध्ये ताली भागातल्या एका गावात जाऊन राहते. सुरुवातीचे भाग जड आहेत, रुमाल ठेवा. पुढे नुसता वारा, डोंगर आणि अंगणात बसून खाणं. यानंतर लोक खरोखर ताली बघायला लोटले म्हणे, आणि मला आश्चर्य नाही वाटलं. ज्याला नोकरीचा कंटाळा आलाय त्याने रविवारी रात्री बघू नये. सोमवारी राजीनामा लिहावासा वाटतो.

निवृत्त_नाना

एक शंका. ही जी नायिकेची बँक दाखवली आहे, तिथे एवढ्या मोठ्या व्यवहाराच्या फायली कनिष्ठांच्या हातात इतक्या सहज कशा फिरतात? आमच्या वेळी लॉकरच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असत. आणि तो दुसरा मुलगा, डू लेई, तो मला पहिल्यापासून बरा वाटतो.

तिरकस

नाना. कितवा भाग?

निवृत्त_नाना

नववा. सूनबाई बघत होती, मी तिथेच पेपर वाचत होतो.

तिरकस

पेपर सरळ होता ना?

शेवंती_ठाणे

काल रात्री छत्तिसावा भाग संपला. काही सांगत नाही, नाना नवव्यावर आहेत. मार्चला अजून वेळ आहे, पण कालच पानाचा नमुना उघडला आणि कोपऱ्यात एक रकाना वाढवून ठेवला.

सासूबाईंनी शेवटचा भाग पूर्ण शांतपणे बघितला, मला एकदाही 'काय म्हणाली ती?' विचारलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "चला, जेवला एकदाचा." आणि आज सकाळी चहाच्या आधीच, "आज कोणता सेनापती?"

'यू आर माय ग्लोरी' लावतेय. पण बत्तीस भाग म्हणजे पोळ्यांचं कठीण आहे. हिंदी डब शोधू का?

मंजुळा

हिंदी डब नको हो, सगळे एकाच माणसाच्या आवाजात रडतात.

तिरकस

पोळ्यांना बाई लावा.